पंडिता रमाबाई : धन्याची वाट पाहणारी दासी

पाऊस हुकला, गावात साथ शिरली, अथवा दूरदेशी लढाई पेटली, म्हणजे आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत एक विषय हटकून निघतो. प्रभूचे येणे आता जवळ आले, असे कोणी म्हणतो. आणि त्याच्या मागोमाग दुसरा पुसतो की, तसे असेल तर विहीर कशाला खणावी, पोरास शाळेत कशाला घालावे, मंडळीच्या घराचे छप्पर तरी कशाला शाकारावे? तिसरा एक असतो, तो बहुधा मागे बसलेला असतो. त्याच्या बापाने हेच ऐकले, आज्यानेही हेच ऐकले, आणि धनी अजून आला नाही. म्हणून तो उपासनेस येतो खरा, परंतु वाट पाहणे त्याने मनातून केव्हाच सोडून दिले आहे. ह्या सर्वांस एकाच वेळी उत्तर देणे उपदेशकास फार जड जाते, हे आम्हांस ठाऊक आहे. प्रेषित पौलासही थेस्सलनीकाच्या मंडळीस ह्या गोष्टीविषयी एकदा लिहून पुरले नाही, दुसऱ्यांदा लिहावे लागले.

आज आम्ही ह्या प्रश्नावर शास्त्राचे विवरण करीत बसत नाही. एका बाईचे चरित्र सांगतो. ही बाई आमच्याच मुलखात राहिली, येथेच खपली व येथल्याच मातीत निजली आहे. शिरूरकडून न्हावऱ्यावरून येऊन पारगावास भीमा ओलांडली व चौफुला गाठला, म्हणजे केडगाव तेथून जवळच आहे. दौंडकरांस तर ते पुण्याच्या आगगाडीच्या वाटेवरचेच स्टेशन. तेथील मुक्तिसदन पाहिले नाही असा ख्रिस्ती मनुष्य ह्या दोन तालुक्यांत क्वचितच असेल. परंतु ज्या बाईने ते उभारले, ती वाट पाहणे म्हणजे काय हे कोठे व कशी शिकली, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

रमाबाईंचा जन्म सन १८५८ च्या एप्रिल महिन्यात, सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हीस संस्कृत शिकविण्याचे धाडस केले, त्यामुळे शास्त्रीमंडळींचा रोष ओढवला, आणि त्यांनी रानात आश्रम करून राहणे पसंत केले. आल्यागेल्या यात्रेकरूंस व विद्यार्थ्यांस जेवू घालता घालता घरचे द्रव्य संपले, कर्ज झाले, व अखेर सर्व कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. रमाबाई तेव्हा काही महिन्यांच्या होत्या. त्यांस वेताच्या पेटीत घालून डोक्यावरून नेले. पुढे कित्येक वर्षे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत पायी हिंडले. मुलीस आईने वाटेतच शिकविले, आणि हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले.

मग सन १८७४ च्या सुमाराचा मद्रास इलाख्यातील दुष्काळ आला. हा भाग आम्ही जरा थांबून सांगतो, कारण पुढील सर्व चरित्राची किल्ली येथे आहे. त्या घरात विद्या होती, भक्ती होती, उपासतापास होते. परंतु हाताने काम करणे कोणास शिकविलेले नव्हते, आणि भीक मागण्याची लाज होती. हातात जे थोडे द्रव्य उरले होते तेही त्यांनी दानधर्मात घातले, की देव प्रसन्न होऊन काही चमत्कार करील. ते तीर्थांत स्नाने करीत, जप करीत, मूर्तींपुढे बसून राहत, आणि वाट पाहत. भांडी गेली, दागिने गेले, वस्त्रे गेली. शेवटी झाडाची पाने खाण्याची पाळी आली. वृद्ध अनंतशास्त्री, डोळ्यांनी अंध झालेले, पवित्र तळ्यात देह सोडण्यास सिद्ध झाले. तेव्हा मुलगा श्रीनिवास ह्याने, मी मजुरी करीन, पण हे करू नका, म्हणून त्यांस आवरले. परंतु फार उशीर झाला होता. प्रथम वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. सोळा वर्षांची रमा व तिचा भाऊ एवढेच मागे राहिले.

ह्या गोष्टीवरून त्या मातापित्यांस हसण्याचा आम्हांस मुळीच अधिकार नाही. त्यांची निष्ठा आमच्या पुष्कळांच्या निष्ठेहून खरी होती. आणि कामधंदा सोडून वर पाहत बसणे, हे मूर्तिपूजकांच्याच घरी घडते असेही नाही. ख्रिस्ती घरातही घडते, मात्र तेथे त्यास विश्वास असे नाव मिळते. रमाबाईंनी ती गोष्ट पुढे आपल्या लेखांत लपवून ठेविली नाही. हात बांधून वाट पाहण्याचे फळ काय, हे त्यांनी आपल्या घरच्यांच्या मरणात पाहिले होते.

पुढे बहीणभाऊ हिंदुस्थानभर पायी फिरत सन १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली व तीस पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. सन १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. एक कन्या झाली, तिचे नाव मनोरमा. आणि सन १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती वारले. चोविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच ही बाई आईबाप, भावंडे व पती ह्या सर्वांस मुकून तान्ह्या मुलीसह विधवा झाली. ती पुण्यास आली, आर्य महिला समाज स्थापिला, हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी व त्यांच्यासाठी स्त्री डॉक्टर असण्याच्या गरजेविषयी साक्ष दिली. सन १८८३ मध्ये ती विलायतेस गेली, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे तिचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तेथून अमेरिका. तेथे तिने हिंदुस्थानातील उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली. आणि तेथील मित्रमंडळींनी बोस्टन शहरी रमाबाई असोसिएशन काढून दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले, व पुढील वर्षी ते पुण्यास आणिले.

बाप्तिस्म्याविषयी एक गोष्ट नवशिक्या मंडळीसाठी सांगण्याजोगी आहे. रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेविले आहे की, बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांस ख्रिस्ती धर्म सापडला होता. ख्रिस्त सापडला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी त्रैक्य, चर्चचा अधिकार इत्यादी विषयांवर पत्रांतून पुष्कळ वाद घातला. त्या स्वभावाने हट्टी होत्या, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही लपविलेले नाही. परंतु तोच हट्ट पुढे प्रभूच्या कामी आला, असे आम्हांस वाटते.

पुण्यात शारदासदन चालू असता त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार लोटून घेत नसत. ज्या मुलींस यावेसे वाटे, त्या येऊन बसत. सन १८९३ मध्ये ह्यावरून मोठा गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर इत्यादी थोर पुरुषांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, वर्तमानपत्रांत टीका झाली, पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. तरी दार उघडेच राहिले. ह्याच शारदासदनाची पहिली विद्यार्थिनी विधवा गोदूबाई हिच्याशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांनी पुनर्विवाह केला, हेही येथे नमूद करणे न्याय्य होय. बाईंच्या हातचे काम ख्रिस्ती मंडळीपुरते नव्हते.

आता केडगावाकडे वळू. अमेरिकेच्या मित्रांचे वचन दहा वर्षांचे. ते सन १८९८ मध्ये संपणार, हे बाईंस ठाऊक होते. मुदत संपल्यावर काय, असा विचार करून त्यांनी आधीच केडगावाजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली. हेतू असा की, फळझाडे लावावी व त्यांच्या उत्पन्नावर सदन चालावे. आज ह्या भागात पाटाच्या पाण्यावर ऊस उभा दिसतो. तेव्हा तसे नव्हते. माळरान, दगड, बेभरवशाचा पाऊस. ह्याच भीमथडीत सुपे येथे सन १८७५ मध्ये कर्जाने पिचलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या, आणि तो वणवा शिरूर तालुक्यातही पसरला होता. अशा जमिनीत बाईंनी विहिरी खणविल्या व झाडे लाविली. प्रभू आजच येईल अशी ज्याची खात्री आहे, तो झाड लावील काय? आमच्या समजुतीप्रमाणे, ज्याची खात्री खरी आहे तोच लावील. धन्याने परगावी जाताना चाकरांच्या हाती चांदीचे तोडे दिले, त्या दाखल्यात तोडा जमिनीत पुरणारा चाकर काही चोर नव्हता. धनी येईपर्यंत काही करावयाचे असते हेच तो विसरला. बाईंनी जमिनीत पुरले ते रोप.

त्याच सुमारास लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांच्या सभा भरल्या होत्या. तेथे एके सकाळी रानात प्रार्थना करीत असता, आपल्या सदनातील पंधरा मुली ख्रिस्ताच्या झाल्या, ह्याबद्दल त्यांनी देवाचे उपकार मानिले. आणि मग पंधराची पंधरा पट करून दोनशे पंचवीस दे, असे मागितले. सदनात तेव्हा इतक्या मुली मुळी नव्हत्याच, आणि त्यांची सोय करण्यास जागाही नव्हती.

उत्तर आले ते दुष्काळाच्या रूपाने. सन १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात अन्नान्नदशा झाली. बाईंनी ती बातमी वाचली, आणि बावीस वर्षांपूर्वीचे दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. वाटेच्या कडेस पडलेली पोर म्हणजे एके काळची आपणच, हे त्या जाणत होत्या. त्या तिकडे गेल्या, दुष्काळी कामांवर व अन्नछत्रांत फिरल्या, आणि मुलींस व तरुण विधवांस घेऊन आल्या. अशा सुमारे तीनशे झाल्या. इतक्यात पुण्यात प्लेग शिरला, व नव्या मुली शहरात ठेवण्यास मनाई झाली. राहिले केडगाव. तेथे घरे नव्हती. गवताच्या झोपड्या व छपरे उभारून त्यांत ह्या उपासाने वाळलेल्या, आजारी मुलींस ठेवावे लागले. प्लेगच्या छावणीत व इस्पितळात आपल्या मुलीची हेळसांड झाली, हे बाईंनी ह्याच वर्षी वर्तमानपत्रात उघड लिहिले. मुंबईच्या गव्हर्नरास ते रुचले नाही. स्वर्गीय राज्याची आशा धरणाऱ्याने पृथ्वीवरील अन्यायाविषयी गप्प राहावे, असे त्यांनी कधी मानिले नाही.

सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्तिसदनाचे समर्पण झाले. दुसऱ्याच वर्षी पुन्हा दुष्काळ पडला, ह्या वेळी गुजराथेत. तेथूनही शेकडो मुली आल्या, आणि सन १९०० च्या सुमारास मुक्तीत जवळजवळ दोन हजार जीव झाले. दोन हजारांचा एका वेळचा स्वयंपाक म्हणजे काय, हे ज्यांनी गावजेवण घातले आहे त्यांनीच समजावे. आणि येथे ते दिवसांतून दोनदा, वर्षाचे बारा महिने. ठरावीक उत्पन्न नाही, सरकारचे अनुदान नाही. बाई गरज देवापुढे मांडीत, आणि मग उठून कामास लागत. ह्या दोहोंपैकी एकही त्यांनी कधी सोडले नाही. मुलींस वाचणे, लिहिणे, शास्त्र शिकविले जाई. त्याबरोबरच विणकाम, तेलाचा घाणा, शेत, गुरे, पाव भाजणे, धुलाई, छापखाना. अंध मुलींसाठी निराळी शाळा होती, पाय घसरलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. ज्या घरात कोणास हाताने काम येत नव्हते व म्हणून सर्व घर उपाशी मेले, त्या घरातून वाचलेल्या मुलीने हे घर बांधिले. येथे हातास काही येत नाही अशी एकही मुलगी तिने राहू दिली नाही.

सन १९०५ च्या जागृतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून आम्ही थोडेच लिहितो. वेल्स देशात आत्म्याचे मोठे कार्य झाल्याचे ऐकून त्या वर्षाच्या आरंभी बाईंनी मुलींस रोज एकत्र येऊन प्रार्थना करण्यास बोलाविले. प्रथम सुमारे सत्तर आल्या. वाढता वाढता पाचशेंवर गेल्या. जून महिन्यात मोठी हालचाल झाली: पापांची कबुली, रडणे, मोठमोठ्याने प्रार्थना. गोंगाटाबद्दल बाहेरून टीका झाली, आणि सर्वच प्रकार शहाणपणाचे होते असे आम्हीही म्हणत नाही. परंतु जागृतीनंतर काय झाले ते पाहा. घाणा बंद पडला नाही, माग थांबले नाहीत. आणि मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगण्यास निघाल्या. त्या वेळी केडगावच्या आसपास पुष्कळ घरांत येशूचे नाव प्रथम पोहोचले ते ह्याच मुलींच्या तोंडून.

आणि मग ते काम, ज्यासाठी आम्ही हे चरित्र निवडिले. त्या काळी प्रचारात असलेले मराठी शास्त्र शिकलेल्या लोकांस ठीक होते. परंतु खेड्यातील बाईस, जी मुक्तीत येऊन नुकती अक्षरे जुळवू लागली होती, तिला त्यातील संस्कृत शब्द अडत. तसेच, ज्या शब्दांस जुन्या धर्माचा अर्थ चिकटला आहे, ते शब्द देवाच्या वचनात नसावेत, असे बाईंचे मत झाले. म्हणून आयुष्याच्या उतारास त्या इब्री व हेल्लेणी भाषा शिकण्यास बसल्या, आणि मूळ भाषांवरून सर्व शास्त्र, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, सोप्या मराठीत करण्यास हात घातला. दोन हजारांच्या घराचा कारभार एका अंगास, आणि ही पुस्तके दुसऱ्या अंगास. हे काम पंधरा वर्षांहून अधिक चालले.

ज्याचा धनी कोणत्याही घटकेस येईल, त्याने पंधरा वर्षांचे काम हाती घ्यावे काय? कोणी म्हणेल, ही तर अविश्वासाची खूण. आम्हांस उलट वाटते. प्रभूने जो शहाणा कारभारी वर्णिला, त्याचे काम घरच्यांस वेळच्या वेळी अन्न देण्याचे होते. धनी आला तेव्हा तो वेशीवर उभा नव्हता, ताटे वाढीत होता. खेड्यातील बाईस समजेल असे वचन, हे बाईंनी वाढावयाचे अन्न होते.

हेही सांगितले पाहिजे की, ते भाषांतर मंडळ्यांत फारसे रुळले नाही. बायबल सोसायटीचेच शास्त्र उपासनेत वाचले जात राहिले. बाईंची भाषा काही ठिकाणी साधी आहे, तर काही ठिकाणी मुळाला इतकी चिकटून आहे की वाचणारा अडखळतो, असे जाणत्यांचे म्हणणे आहे, आणि आम्हांस ते मान्य आहे. एवढ्या श्रमांचे जगाच्या मापाने फळ थोडे दिसले. असे काम ज्या उपदेशकाच्या वाट्यास आले आहे, दहा वर्षे एकाच वाडीस शिकवून ज्याच्या पटावर चारच घरे आहेत, त्याने हे चरित्र वाचताना ही गोष्ट वगळू नये.

शेवटची वर्षे कठीण गेली. ऐकू येणे तरुणपणापासूनच कमी होत गेले होते. ते आता जवळजवळ गेले. सन १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. मनोरमा आईच्या हाताखाली तयार झाली होती. तिने गुलबर्ग्यास शाळा काढिली होती, आणि मुक्तीचे ओझे पुढे तीच उचलील, असे सर्वांनी धरिले होते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. वय अवघे चाळीस. ज्या आईने सोळाव्या वर्षी आपले घर मरताना पाहिले, तिने त्रेसष्टाव्या वर्षी आपली एकुलती एक लेक मातीस दिली.

ह्यानंतर बाई खचल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. त्या मुक्तीचा कारभार दुसऱ्या हाती सोपविण्याच्या तजविजीस लागल्या, आणि प्रुफे तपाशीत राहिल्या. भाषांतर पुरे झाले होते, परंतु छापखान्यातून पाने येत होती, व प्रत्येक पान त्यांच्या नजरेखालून जावे असा त्यांचा आग्रह होता. मुक्तीत पिढ्यान्‌पिढ्या असे सांगत आले आहेत की, प्रकृती अगदी ढासळली तेव्हा त्यांनी देवापाशी प्रुफे पुरी होण्यापुरतेच दिवस मागितले. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला. शेवटची पाने तपासून झाली होती.

पार्थिव देह मुक्तीच्या आवारातच पुरला आहे. सन १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपालाचे तिकीट काढिले. मुक्तीचे काम अद्यापि केडगावी चालू आहे, व निराधार स्त्रिया आणि मुली अजून तेथे आश्रयास येतात. बाईंच्या मागे त्यांच्याच छापखान्यात, मुक्तीच्याच बायांच्या हातांनी, काम पुढे चालले, आणि सन १९२४ मध्ये ते संपूर्ण शास्त्र पुस्तकरूपाने बाहेर पडले.